भिंगरीचा रिपोर्ट

पत्र गुरुवारी आलं होतं आणि रविवारच्या दुपारपर्यंत थोरलीने ते चार वेळा वाचलं होतं. मुलांच्या इस्पितळातल्या संशोधन विभागाचं पत्र. एकच पान. वर भिंगरीचं नाव, वय वर्षं चार, आणि खाली जेमतेम सहा ओळी.

भिंगरी काही थोरलीची मुलगी नव्हे, तिच्या जावेची, धाकटीची. पण फॉर्मवर पत्ता या घरचा होता. तो लिहिला होता तिच्या दिराने, भिंगरीच्या बापाने, आणि सहीही त्याचीच होती. सहा आठवड्यांपूर्वी धाकटी पोहण्याच्या स्पर्धेसाठी तिच्या शिकवणीतल्या मुलांना घेऊन परगावी गेली, तेव्हा भिंगरी चार दिवस इथे राहायला होती. त्याच आठवड्यात थोरलीच्या स्वतःच्या मुलीची, वकीलची, तीन महिन्यांची तपासणी होती. वकील तेरा वर्षांची. वाद घालायला लागली की कुणाला हार जात नाही, म्हणून घरात सगळे तिला वकीलच म्हणत. सहाव्या वर्षी तिला बेशुद्ध अवस्थेत इस्पितळात नेलं होतं, आणि तिला मधुमेह आहे हे घराला तेव्हा कळलं. त्याला आता सात वर्षं झाली.

त्या तपासणीच्या दिवशी तिथल्या नर्स म्हणाल्या होत्या, "अशा मुलांच्या भावंडांचं रक्त तपासायचा अभ्यास चालू आहे आमचा. आजार दिसायच्या कितीतरी आधी रक्तात खुणा सापडतात. चुलत भावंडंही चालतात. ही कोण, तुमच्याबरोबर आलेली?"

थोरलीने दिराला फोन केला. तो ऑफिसातून येऊन सही करून गेला. नगररचना खात्यात तो नकाशे काढायचा, म्हणून घरातला नकाशेवाला. हातात पेन असलं की त्याला फार विचार करावा लागत नसे. "हिला मी सांगतो," तो जाताना म्हणाला होता.

त्याने सांगितलं नव्हतं. आज तिघं इथे जेवायला आली होती. जेवणं उरकल्यावर तो सगळ्यांच्या आधी उठला आणि स्वयंपाकघरात भांडी घासायला उभा राहिला, तेव्हाच थोरलीने ओळखलं की आजही तो सांगणार नाही.

"भाऊजी," ती हळू आवाजात म्हणाली, "सकाळी तुम्हाला पत्र दाखवलं. आता आज सांगायलाच हवं."

"पुढच्या आठवड्यात सांगतो ना, वहिनी. बुधवारी तिच्या मुलांची निवड चाचणी आहे. ती आधीच टेन्शनमध्ये आहे."

"सहा आठवडे तुम्ही पुढच्याच आठवड्यात सांगताय."

"मला वाटलं होतं काही निघणार नाही. मग सांगायचा प्रश्नच आला नसता." त्याने एकच पातेलं तिसऱ्यांदा विसळलं. "तुम्हालाही तेच वाटलं होतं ना?"

थोरलीला तसं वाटलं नव्हतं. भिंगरी बोलायला लागल्यापासून तिने दोनदा पाणी मागितलं तरी थोरली पेले मोजायची. खरं तर भिंगरी जन्मली त्या दिवशीही तिच्या मनात पहिला विचार आला होता तो हिलाही होईल का हाच. पण हे ती कुणाजवळ बोलली नव्हती, आणि दिराजवळ तर बोलणार नव्हतीच.

"कशाचा प्रश्न?" उरलेल्या ताटल्या घेऊन धाकटी दारात उभी होती.

नकाशेवाल्याने नळ बंद केला नाही. थोरलीने हात पदराला पुसले, फडताळातल्या डब्याखालचं पत्र काढलं आणि जावेच्या हातात दिलं.

"बस आधी," ती म्हणाली.

धाकटी बसली नाही.

*

बाहेरच्या खोलीत दादा, म्हणजे घरातला मोठा मुलगा आणि थोरलीचा नवरा, आईच्या चष्म्याची काडी बसवत होता. खालच्या मजल्यावर त्याचं चष्म्याचं दुकान. रविवारी दुकान बंद असलं तरी बारीक पेचकस त्याच्या खिशात असायचाच. त्याची आई, मुलींची आजी, चष्म्याविना डोळे बारीक करून बसली होती. म्हणून स्वयंपाकघरातून कोण बाहेर आलं हे तिला दिसायच्या आधी पावलांवरून कळलं. धाकटीची पावलं एरवी हलकी पडत. आज तशी पडली नाहीत.

"दादा, तुम्हाला माहीत होतं हे?" धाकटीने पत्र त्याच्यासमोर धरलं.

दादाने ते वाचलं. वाचून झाल्यावर पुन्हा वरून वाचलं. मग मागून आलेल्या बायकोकडे बघितलं.

"नाही," तो म्हणाला. "मला कुणी बोललं नाही."

"म्हणजे घरात दोघांनाच माहीत होतं. एक माझा नवरा आणि एक या." धाकटीचा आवाज चढला नव्हता. तलावावर ओरडून ओरडून तिचा आवाज असा झाला होता की घरी ती नेहमीपेक्षा हळूच बोले. "माझ्या मुलीचं रक्त काढलं. मी गावात नसताना. आणि दोन अँटीबॉडी सापडल्या म्हणे. म्हणजे काय ते तरी सांगा."

थोरलीने सांगितलं. सांगायला तिला कागद लागला नाही. शरीर आपल्याच इन्सुलिन तयार करणाऱ्या पेशींवर उलटतं, आणि त्याच्या खुणा रक्तात दिसतात. अशा चार खुणा शोधतात. एकच सापडली तर बहुतेक वेळा काही होत नाही. दोन सापडल्या की आज ना उद्या मधुमेह होतो. कधी, ते सांगता येत नाही. वर्षभरात होईल, दहा वर्षांनीही होईल. आज भिंगरीची साखर अगदी व्यवस्थित आहे. आधी रक्त पुन्हा तपासून खात्री करायची, मग दर तीन महिन्यांनी लक्ष ठेवायचं.

"आणि लक्ष ठेवून काय मिळणार? थांबवता येतं?"

"थांबवता येत नाही. पुढे ढकलता येतं. एक औषध निघालंय, चौदा दिवस शिरेतून देतात. मोठ्या मुलांमध्ये त्याने दोन-तीन वर्षं मिळाली आहेत. एवढ्या लहान मुलांचा अभ्यास अजून चालू आहे."

"म्हणजे प्रयोग."

"अभ्यास म्हणतात ते."

"वहिनी, मी दिवसाला साठ मुलं पाण्यात उतरवते," धाकटी म्हणाली. "कुणाला धाप लागलीय, कुणाचं पोट बिघडलंय, कोण घरून रडून आलंय, हे मला काठावरून कळतं. माझ्या पोरीला काही झालं तर मला कळलं नसतं? एक ठणठणीत मूल होतं माझं. आज ते आजारी झालं, ते सुद्धा पोस्टाने."

दादाने पत्राची घडी घातली. "तिचं बरोबर आहे," तो बायकोला म्हणाला. "आईला न विचारता मुलाला हात लावायचा नसतो. आणि मलाही सांगावंसं वाटलं नाही तुला?"

"तुम्ही नको म्हणाला असता."

"म्हणालोच असतो."

"म्हणून नाही सांगितलं."

दादाने पेचकस पुन्हा हातात घेतला. चौदा-पंधरा वर्षांच्या संसारात बायकोने त्याच्यापासून एवढी मोठी गोष्ट लपवल्याचं त्याला आठवत नव्हतं, आणि ती इतक्या सरळपणे कबूल करेल असंही वाटलं नव्हतं.

"तुम्ही हे का केलंत ते मी सांगते," धाकटी म्हणाली. "सात वर्षं तुम्ही एकट्या आहात यात. तुम्हाला सोबत हवी होती. भिंगरीनेही वकीलसारखं सुयांवर जगायचं, म्हणजे तुमचा भार हलका झाला."

थोरली कानकोंडी झाली. पण त्या वाक्याने ज्याला लागायचं होतं ते माणूस दुसरंच होतं. आतल्या खोलीच्या दारात वकील उभी होती. तिच्या कडेवर भिंगरी, जाग येऊन डोळे चोळणारी.

वकीलने वाद घातला नाही. तिने भिंगरीला दुसऱ्या कडेवर घेतलं आणि जिन्याकडचं दार उघडून बाहेर गेली.

मग आजी बोलली. तिने तीस वर्षं टेलिफोन एक्स्चेंजमध्ये काढली होती आणि दोन माणसं बोलत असताना मध्ये तोंड घालायचं नाही ही तिथली शिस्त घरीही पाळली होती. दोन सुनांच्या बोलण्यात तर ती कधीच पडत नसे. आत्ताही ती सुनांशी बोलली नाही.

"तो आत काय करतोय?" तिने विचारलं.

"भांडी घासतोय," दादा म्हणाला.

"त्याला म्हणावं, घासून झाली असतील."

नकाशेवाला ओले हात घेऊन बाहेर आला.

"सही तुझी," आजी म्हणाली, "आणि बोलणी वहिनीला बसतायत. तिने फोन केला, तू हो म्हणालास. नाही म्हणायला तुला कुणी अडवलं होतं?"

"नाही."

"मग बायकोसमोर उभा राहा आणि सांग."

तो खरंच बायकोसमोर जाऊन उभा राहिला. चाळिशीला टेकलेला माणूस, पण मास्तरांनी उभं केल्यासारखा. "मला भीती वाटत होती," तो म्हणाला. "वकीलला उचलून जिन्यावरून खाली मी आणलं होतं, तुला माहीत आहे. तिची मान अशी माझ्या हातावर लटकत होती. भिंगरी झाल्यापासून ते माझ्या डोळ्यांसमोरून जात नाही. वहिनींचा फोन आला तेव्हा मला सुटल्यासारखं वाटलं. कुणीतरी विचारलं म्हणून. तुझ्याशी बोललो असतो तर तू म्हणाली असतीस, उगाच काहीतरी मनात आणू नकोस."

"म्हणाले असते," धाकटी म्हणाली. जरा वेळाने म्हणाली, "पण ते तू माझ्या तोंडून ऐकायला हवं होतंस."

आणि मग तिला दारात उभी राहिलेली वकील आठवली, आणि ती जिन्याकडे गेली.

*

जिन्याच्या वळणावर एक खिडकी होती, तिच्यातून मागच्या गल्लीतलं सायकल दुरुस्तीचं दुकान दिसायचं. भिंगरी पायरीवर बसून स्वतःच्या बोटांशी खेळत होती. वकील भिंतीला टेकून मोबाइलवर आपली साखर बघत होती. दंडावरच्या गोल सेन्सरवरून आकडा तिथे यायचा. एकशे अठ्ठेचाळीस. ठीक होता. भांडण झालं की तो वर जातो, हे तिला पाठ होतं.

काकू येऊन दोन पायऱ्या खाली बसली, म्हणजे वकीलपेक्षा बुटकी झाली.

"मी तसं म्हणायला नको होतं," काकू म्हणाली.

"माझ्यासारखं म्हणजे कसं?" वकीलने विचारलं. तिने हा प्रश्न रागाने विचारला नव्हता. तिला खरंच उत्तर हवं होतं. "मी शाळेत जाते. गणितात मला कंटाळा येतो. मैत्रिणींशी भांडते. जेवायच्या आधी आकडा मोजून इन्सुलिन घेते, त्याला दीड मिनिट लागतं. तुला काय दिसतं माझ्याकडे बघून?"

काकूने वर तिच्याकडे बघितलं. "त्या दिवशीची तू दिसतेस," ती म्हणाली. "इस्पितळातली. नळ्या लावलेली."

"ते मी सहा वर्षांची होते तेव्हा. मला आठवत पण नाही. तुम्हा सगळ्यांनाच आठवतं." वकीलने मोबाइल खिशात टाकला. "काकू, तू गावातल्या सगळ्या पोरांना पोहायला शिकवतेस. मला का नाही शिकवलंस?"

धाकटीच्या ओठांवर पटकन आलं ते होतं, तू कधी विचारलंस? पण वकीलने विचारलं होतं. आठव्या वर्षी विचारलं होतं आणि दहाव्या वर्षी. दोन्ही वेळा ती म्हणाली होती, पुढच्या वर्षी बघू.

"मला भीती वाटत होती," तिने सांगितलं. मघाशी आत नवऱ्याने हेच शब्द वापरले होते हे बोलून झाल्यावर तिच्या लक्षात आलं. "पाण्यात असताना तुझी साखर एकदम उतरली तर."

"उतरायला लागली की मला आधी कळतं. हात थरथरतात, डोकं हलकं होतं. आणि उतरायच्या आत खाऊन घ्यायचं असतं. आणि तू असतेस ना काठावर. तुला म्हणे सगळं कळतं."

धाकटीला हसू आलं आणि ते तिने लपवलं नाही. "ऐकलंस वाटतं सगळं."

"दार उघडं होतं."

भिंगरीने मध्येच विचारलं, "कुणाला कळतं?"

"तुझ्या आईला," वकील म्हणाली. मग काकूकडे वळून, जरा वेगळ्या आवाजात म्हणाली, "आईला सोबत नको होती. भिंगरी इथे आली की ती तिचं वजन मनात जोखते. मागच्या वेळी भिंगरी बारीक दिसली तर आई जेवली नाही. मी तिला म्हटलं, जाऊन सांग काकूला. तर म्हणाली, मी सांगितलं तर नजर लावल्यासारखं होईल."

"तू काय म्हणतेस?" धाकटीने विचारलं. तेरा वर्षांच्या मुलीला ती असं काही विचारत आहे याचं तिला नवल वाटलं नाही. हे स्वतःच्या अंगावर जगलेलं दुसरं कुणी तिच्या ओळखीचं नव्हतं. "तुला आधी कळलं असतं तर बरं झालं असतं?"

वकीलने भिंगरीची बोटं आपल्या मुठीत घेतली.

"माहीत नाही," ती म्हणाली. "चौथ्या वर्षी कळलं असतं तर दोन वर्षं आई-बाबा आणखी घाबरून राहिले असते. पण त्या दिवशी काकाला मला उचलून पळावं लागलं नसतं. डॉक्टर म्हणतात, आधी माहीत असलेली मुलं बहुतेक चालत येतात. आपल्या पायांनी."

*

मंगळवारी तिघं इस्पितळात गेली, आणि चौथी थोरली. तिला धाकटीनेच सोमवारी फोन करून सांगितलं होतं. फोनवर ती एवढंच म्हणाली, "दहा वाजता. तुम्ही या." थोरलीने कपाटातली वकीलची जुनी फाइल काढली, पुन्हा ठेवली, आणि रिकाम्या हातांनी गेली.

संशोधन विभाग म्हणजे मुख्य इमारतीच्या मागे दोन खोल्या होत्या. एका भिंतीवर उंची मोजायची पट्टी, तिच्याशेजारी मुलांनी काढलेली चित्रं. नर्सबाई पन्नाशीच्या, मनगटावर मोठ्या आकड्यांचं घड्याळ. त्यांनी अकरा पानांचा फॉर्म पुढे ठेवला. नकाशेवाला भिंगरीला उंची मोजायला घेऊन गेला. थोरली बाहेरच्या बाकावर बसली, पण दार उघडं होतं आणि तिला सगळं ऐकू येत होतं.

धाकटीने अकराच्या अकरा पानं वाचली. तिसऱ्या पानावर थांबून तिने विचारलं, "पहिल्यांदा तुम्ही मला फोन का नाही केला?"

"नियमाने एका पालकाची सही पुरते," नर्सबाई म्हणाल्या. मग चष्मा काढून म्हणाल्या, "पण विचारायला हवं होतं. माझं चुकलं ते."

धाकटीने मान डोलावली आणि पुढचं पान उलटलं. "मी आत्ता नाही म्हटलं तर?"

"तर काही नाही. तिचे उपचार, लस, काहीही अडणार नाही. आणि आज हो म्हणून सहा महिन्यांनी नाही म्हणालात तरी चालेल. कारण सुद्धा द्यावं लागत नाही."

"त्या औषधाचं मी आज ठरवणार नाही."

"आज ते ठरवायचंही नाही. साखर जरा हलायला लागली तरच तो प्रश्न येतो. आज फक्त पुन्हा रक्त, आणि तीन महिन्यांनी परत भेट."

"ते जे उरलेलं रक्त तुम्ही साठवून ठेवता, त्यातून काय शोधणार?"

"कुठल्या मुलात आजार लवकर येतो आणि कुठल्यात उशिरा, ते. आम्हाला अजून नीट माहीत नाही. आज जे थोडंफार सांगता येतं, ते ज्या घरांनी आधी रक्त दिलं त्यांच्यामुळे." नर्सबाई थांबल्या. "तुमच्या मुलीला त्याचा उपयोग होईलच असं मी म्हणणार नाही."

या उत्तराने धाकटीला बरं वाटलं. तिने पेन घेतलं. सही करताना तिने नवऱ्याला हाक मारली आणि दोघांच्या सह्या एकाखाली एक झाल्या. भिंगरी रक्त काढताना रडली, पण फार नाही. बापाच्या मांडीवर बसून तिने नर्सबाईंच्या घड्याळातले आकडे मोठ्याने वाचले, सातनंतर थेट दहा.

नंतर धाकटी बाहेर आली आणि बाकावर थोरलीशेजारी बसली. तिच्या हातात एक छापील कागद होता. त्यावर लक्षणं दिली होती. फार तहान, वारंवार लघवी, वजन घटणं, थकवा, जलद श्वास.

"रविवारी मी जे बोलले," ती म्हणाली, "सोबतीचं. ते मला परत घेता येणार नाही. पण ते खरं नव्हतं."

"थोडं खरं असेल," थोरली म्हणाली. "मी दोन दिवस त्याचाच विचार करतेय."

कॉरिडॉरमधून एक वॉर्डबॉय रिकामा पाळणा ढकलत गेला. दोघींनी पाय आत घेतले.

"हा कागद मी वाचला," धाकटी म्हणाली. "तलावावरची मुलं सगळीच तहानलेली असतात. सगळीच दमतात. मला यातून काही कळत नाही. वकीलला नेमकं काय झालं होतं ते तुम्ही सांगा. पहिल्यापासून. तुम्ही कधी सांगितलंच नाहीत. आम्हाला फक्त इस्पितळापासूनचं माहीत आहे."

थोरलीने समोरच्या भिंतीकडे बघितलं. नवऱ्यालासुद्धा तिने हे अर्धंच सांगितलं होतं.

"आधी अंथरूण ओलं करायला लागली," ती म्हणाली. "सहा वर्षांची. मी रागावले तिला. मग बारीक झाली, तर मला वाटलं उंच होतेय. शाळेतून आली की तांबेच्या तांबे पाणी प्यायची. जवळच्या डॉक्टरांकडे नेलं, ते म्हणाले साथीचा ताप आहे, पातळ पदार्थ भरपूर द्या. दुसऱ्या दिवशी उलट्या सुरू झाल्या. सकाळी हे म्हणाले, दुकान उघडू नको का? मीच म्हटलं, उघडा, एवढं काही नाही. ती झोपून होती आणि नुसतं प्यायला मागत होती. पाणी नको म्हणायची, पाण्याने मळमळतं म्हणायची." तिने एकदा श्वास घेतला. "म्हणून मी तिला फळांचा रस दिला. वर साखर घालून, म्हणजे ताकद येईल. एक पेला संपला की दुसरा. दुपारपर्यंत सहा झाले. मी मोजले होते, कारण मला बरं वाटत होतं, पोटात काहीतरी जातंय म्हणून."

आतून भिंगरीचा आवाज येत होता. ती बापाला दुसऱ्या हाताचं बोटही टोचून दाखव म्हणत होती.

"मीही रसच दिला असता," धाकटी म्हणाली.

थोरलीने तिच्याकडे बघितलं. सात वर्षांत तिला डॉक्टरांनी समजावलं होतं, नवऱ्याने समजावलं होतं, तुझी चूक नाही म्हणून. असं कुणी म्हटलं नव्हतं.

"मग?" धाकटीने विचारलं. तिने कागद उलटा करून मांडीवर ठेवला आणि पर्समधून पेन काढलं. "श्वास कसा होता तिचा? जोरात, की खोल? मला कळेल असं सांगा."

"खोल," थोरली म्हणाली. "तुझ्याकडची मुलं लांब पोहून काठाला येतात ना, तसा. पण ती पलंगावर नुसती पडलेली होती."

धाकटीने ते लिहून घेतलं.